धमनीचा व्यास विचारात घेऊन प्रवाहजन्य प्रसरण कसे मोजावे आणि कसे वाचावे

निरोगी प्रौढांच्या रक्तवाहिन्या किती चांगले काम करतात हे सुई न टोचता तपासण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे ब्रेकियल धमनीचे, म्हणजेच दंडातून कोपराकडे उतरणाऱ्या मुख्य धमनीचे, प्रवाहजन्य प्रसरण मोजणे. संशोधनक्षेत्रात या चाचणीला सर्वजण एफएमडी म्हणतात. कोपराखालच्या हाताचा रक्तपुरवठा कफ, म्हणजे रक्तदाब मोजताना बांधतात तसा हवेचा पट्टा, फुगवून पाच मिनिटे थांबवायचा, कफ सोडल्यावर वेगाने धावणाऱ्या रक्तामुळे धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाउंडने पाहायचे आणि ही वाढ मूळ व्यासाच्या टक्केवारीत मांडायची, इतकी ही चाचणी ऐकायला सोपी आहे. अडचण आहे ती टक्केवारीत. बारीक धमनीची टक्केवारी सहसा जास्त येते आणि रुंद धमनीची कमी येते, मग दोन्ही धमन्यांचा आतला थर सारखाच निरोगी का असेना. त्यामुळे ज्या अहवालात मूळ व्यास दिलेला नाही, त्या अहवालातील टक्केवारीवरून दोन माणसांची किंवा दोन गटांची तुलना करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन शरीरक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, क्रीडाविज्ञानाचे अभ्यासक आणि सोनोग्राफी करणारे तंत्रज्ञ यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. रोगनिदानासाठी ते नाही.

व्यास आणि प्रसरण यांचा संबंध कोठून येतो

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर केवळ अस्तर नसून रक्तवाहिनीचा ताण नियंत्रित करणारा क्रियाशील अवयव आहे, हे १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवून दिले. ॲसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर पट्टी सैल पडायची ती आतला थर शाबूत असेल तरच. तो खरवडून निघाला असेल तर सैल पडत नसे. या थरातून निघणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले आणि १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी मिळाले.

वाहते रक्त धमनीच्या भिंतीला समांतर घासत जाते. या घासण्यातून भिंतीवर जो ताण येतो त्याला शिअर म्हणतात, आणि एंडोथेलियमच्या पेशी तो ओळखून नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यामुळे भिंतीतील स्नायू सैल होऊन धमनी रुंदावते. येथे व्यासाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रभाव दिसतो. रक्ताच्या सरासरी वेगाला ८ ने गुणून व्यासाने भागले की शिअरचा दर मिळतो. कफ सोडल्यावर दोन व्यक्तींच्या धमन्यांत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर इतकाच आहे असे समजा. ज्या धमनीचा व्यास ३.२ मिलिमीटर आहे तिच्यात शिअरचा दर सेकंदाला १५०० येतो, तर ४.४ मिलिमीटर व्यासाच्या धमनीत तो सुमारे १०९० येतो. म्हणजे वेग तोच असूनही रुंद धमनीच्या भिंतीला मिळणारी चालना चौथ्या हिश्श्याहून अधिक कमी आहे. चालनाच कमी मिळाली तर प्रतिसाद कमी येणे हा धमनीचा दोष नव्हे. एमआरआयने प्रवाह मोजून केलेल्या अभ्यासातही रुंद धमन्यांना मिळणारी चालना कमी असते आणि आकारानुसार दिसणाऱ्या फरकाचे बरेचसे स्पष्टीकरण त्यातूनच मिळते, असे आढळले आहे.

याला दोन कारणांची जोड आहे. पहिले शारीरिक आहे: भिंतीची जाडी आणि पोकळीचा व्यास यांचे प्रमाण सर्व धमन्यांत सारखे नसते, आणि ज्या धमनीत पोकळीच्या मानाने भिंत जाड, तिच्यात स्नायूंच्या तेवढ्याच हालचालीने व्यास अधिक बदलतो. दुसरे कारण निव्वळ गणिती आहे आणि त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो.

हा संबंध नव्याने सापडलेला नाही. डेव्हिड सेलरमायर, जॉन डीनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही चाचणी प्रथम मांडली, त्याच लेखात निरोगी व्यक्तींमध्ये मूळ व्यास जितका मोठा तितके प्रसरणाचे प्रमाण कमी, असा ठळक व्यस्त संबंध त्यांनी नोंदवला होता. चाचणी जगभर पसरली. तिच्यासोबतची ही सूचना मात्र अनेकांनी मागे ठेवली, याचे मला वाईट वाटते.

चाचणीपूर्वीची तयारी

प्रसरण मोजायचे ते एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, म्हणून धमनीचा मूळ व्यास बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट आधी आवरावी लागते. सहभागी व्यक्तीने किमान ६ तास काहीही खाल्लेले नसावे. येथे ‘काहीही’ यात उपवासाचा फराळही येतो हे आधीच्या दिवशी स्पष्ट सांगावे, नाहीतर शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘मी उपाशीच आहे’ असे सांगणारी व्यक्ती समोर येते. भरपूर स्निग्धांश असलेल्या जेवणानंतर काही तास प्रसरण कमी झालेले दिसते. चहा, कॉफी आणि मद्य आदल्या रात्रीपासून बंद असावे, व्यायाम २४ तास टाळावा, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आवळ्याचा रस असे पदार्थही त्या काळात घेऊ नयेत. सकाळचा चहा चुकवणे आपल्याकडे अनेकांना जड जाते, म्हणून चाचणीची वेळ सकाळी लवकरची ठेवणे सोयीचे पडते. एकाच व्यक्तीची पुन्हा चाचणी करायची असेल तर दिवसाची वेळ तीच ठेवावी.

तंबाखूविषयीचा प्रश्न नीट विचारला पाहिजे. परदेशी प्रश्नावलीत ‘तुम्ही धूम्रपान करता का’ एवढेच असते, आणि महाराष्ट्रात या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणारी व्यक्ती मिश्री लावणारी, तंबाखू-चुना मळणारी किंवा गुटखा खाणारी असू शकते. निकोटीन धुरातून आले काय किंवा हिरडीतून आले काय, रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतोच. म्हणून प्रत्येक प्रकार नाव घेऊन विचारावा आणि विशेषतः स्त्रियांना मिश्रीविषयी विचारताना खोलीत इतर कोणी नसावे.

पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमध्ये संप्रेरकांच्या चढउतारानुसार प्रसरण बदलते, त्यामुळे शक्यतो पाळीच्या पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंतच्या काळात चाचणी घ्यावी, किंवा निदान चक्राचा दिवस नोंदवावा. रक्तदाबाची किंवा इतर कोणती औषधे चालू असतील तर त्यांची नावे व वेळा लिहून ठेवाव्यात. ती परस्पर बंद करायला सांगू नये. ज्या बाजूच्या काखेतील लसीकाग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या आहेत त्या हातावर कफ बांधू नये. सिकलसेल आजार असलेल्या व्यक्तीचा रक्तपुरवठा अशा प्रकारे रोखणे टाळावे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत काम करणाऱ्यांनी ही चौकशी कधीही वगळू नये.

खोली शांत, मंद प्रकाशाची आणि २२ ते २४ अंश सेल्सिअस तापमानाची असावी. बाहेर कडक ऊन असेल तर आलेल्या व्यक्तीला आधी बाहेरच्या खोलीत सावकाश थंड होऊ द्यावे, कारण उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या उघडलेल्या असताना हातातील प्रवाहच वेगळा असतो. त्यानंतर उताणे झोपवून किमान १० मिनिटे, आणि वेळ असेल तर २० मिनिटे, विश्रांती द्यावी. भारतात सोनोग्राफी यंत्रांवर १९९४ च्या प्रसवपूर्व निदानविषयक कायद्याचे नियंत्रण आहे, त्यामुळे ज्या विभागाला स्वतःचे यंत्र घ्यायचे आहे त्याने नोंदणीची प्रक्रिया आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी या दोन्ही गोष्टी प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला हाती घ्याव्यात.

मोजमाप

हात शरीरापासून साधारण ८० अंशांत बाजूला काढून मऊ आधारावर ठेवावा. कफ कोपराच्या खाली, पुढच्या हातावर बांधावा. प्रोब, म्हणजे अल्ट्रासाउंड यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग, त्याच्या वर, कोपराच्या वळणापासून काही सेंटिमीटर वरच्या बाजूस दंडावर ठेवावा. कफ प्रोबच्या वरच्या बाजूला, दंडावर बांधला तर टक्केवारी मोठी मिळते म्हणून काहींना तो मोह होतो. परंतु त्या प्रसरणात नायट्रिक ऑक्साइडखेरीज इतर यंत्रणांचा वाटा वाढतो, आणि आपल्याला मोजायचे ते एंडोथेलियमचे काम. याच कारणासाठी रक्तपुरवठा थांबवण्याचा काळही पाच मिनिटांपेक्षा वाढवू नये.

किमान ७ मेगाहर्ट्झचा, शक्यतो १० ते १२ मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब घ्यावा. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला तर १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.१५ मिलिमीटर भरते. ज्या बदलावर आपण निष्कर्ष उभा करणार आहोत तो अशा दोनेक लहरींएवढाच आहे, हे मोजणाऱ्याने सतत लक्षात ठेवावे. धमनीचा लांबट छेद असा धरावा की वरची आणि खालची अशा दोन्ही भिंतींच्या आतल्या कडा स्पष्ट, अखंड रेषेसारख्या दिसतील. छेद धमनीच्या मधोमध नसून किंचित कडेला गेला तर व्यास खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि मूळ व्यास कमी दिसला की टक्केवारी फुगते. हात थरथरू नये म्हणून प्रोबसाठी स्टँड वापरणे उत्तम. त्वचेवर प्रोबची जागा पेनाने आखून ठेवावी आणि कोपरापासूनचे अंतर नोंदवावे, म्हणजे पुढच्या भेटीत धमनीचा तोच भाग मोजता येईल.

डॉप्लरचा कोन, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी ध्वनिलहर आणि धमनी यांच्यातील कोन, ६० अंशांपेक्षा जास्त नसावा आणि एका अभ्यासात तो सर्व व्यक्तींसाठी सारखा ठेवावा. व्यास आणि वेग यांची नोंद एकाच वेळी, सलग व्हावी. आधी किमान एक मिनिट विश्रांतीच्या अवस्थेतील नोंद घ्यावी. हाच मूळ व्यास. कफ फुगलेला असताना शेवटच्या क्षणांत मोजलेला व्यास मूळ व्यास म्हणून वापरू नये, कारण प्रवाह घटल्याने काही व्यक्तींच्या धमन्या त्या काळात आकुंचन पावतात. त्यानंतर कफ झटकन सिस्टोलिक दाबापेक्षा किमान ५० मिलिमीटर पारा इतका वर फुगवावा आणि पाच मिनिटे ठेवावा. हाताला मुंग्या येतील, बोटे जड वाटतील, ते थोड्या वेळात निघून जाईल, हे सहभागी व्यक्तीला आधीच सांगितलेले असावे. न सांगितल्यास ती ऐन वेळी हात हलवते आणि सारी नोंद वाया जाते.

कफ सोडण्याच्या सुमारे ३० सेकंद आधी पुन्हा नोंद सुरू करावी आणि सोडल्यानंतर किमान तीन मिनिटे चालू ठेवावी. पूर्वी कफ सोडल्यानंतर बरोबर ६० व्या सेकंदाला व्यास मोजण्याची पद्धत होती. प्रत्येकाच्या धमनीचे कमाल प्रसरण त्याच क्षणी होत नाही. वयस्कर व्यक्तींत ते बऱ्याचदा उशिरा होते, आणि ठरावीक क्षण धरल्यास खरे कमाल प्रसरण हुकते. म्हणून सलग नोंदीतून कडा आपोआप ओळखणाऱ्या संगणकप्रणालीने कमाल व्यास शोधावा. पडद्यावर कर्सर ठेवून हाताने मोजणे आता टाळलेलेच बरे, कारण मोजणाऱ्याची अपेक्षा नकळत कर्सरमध्ये उतरते. ईसीजी जोडलेला असेल तर व्यास हृदयाच्या प्रसरणकाळाच्या अखेरीस, आर लहरीच्या क्षणी घ्यावा.

हे कौशल्य सरावानेच येते. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वतंत्रपणे काम करण्यापूर्वी देखरेखीखाली किमान १०० चाचण्या कराव्यात असे म्हटले आहे, आणि ही अट मला जराही जाचक वाटत नाही. प्रबंधाची मुदत जवळ आली म्हणून दहा-बारा चाचण्यांच्या सरावावर माहिती गोळा करायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या मार्गदर्शकाने थांबवले पाहिजे.

टक्केवारीत काय बिघडते

एफएमडीचे नेहमीचे सूत्र असे: कमाल व्यासातून मूळ व्यास वजा करावा, उत्तराला मूळ व्यासाने भागावे आणि १०० ने गुणावे. निरोगी तरुण व्यक्तींत उत्तर बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या आसपास येते.

समजावून घेण्यासाठी दोन काल्पनिक व्यक्ती घेऊ. पहिलीची धमनी ३.२० मिलिमीटरवरून ३.५२ मिलिमीटर झाली. एफएमडी १० टक्के. दुसऱ्याची ४.४० वरून ४.७२ झाली, एफएमडी ७.३ टक्के. दोघांच्याही धमन्या ०.३२ मिलिमीटरनेच रुंदावल्या आहेत. पहिलीचे एंडोथेलियम अधिक चांगले, असे म्हणण्याचा आधार केवळ भाजक लहान असणे हा आहे. उलट बाजूने, प्रत्यक्ष मिलिमीटरमधील वाढच तेवढी पाहावी असे म्हणणेही पुरेसे नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे दोघांना मिळालेली चालना सारखी नसते.

याहून फसवा भाग मोजमापातील चुकीचा आहे. पहिल्या व्यक्तीचा खरा मूळ व्यास ३.२० आहे, पण छेद जरा कडेला गेल्यामुळे तो ३.१० मोजला गेला असे समजा. कमाल व्यास ३.५२ बरोबर मोजला गेला तर एफएमडी १३.५ टक्के निघते. उलट मूळ व्यास ३.३० मोजला गेला तर तीच ६.७ टक्के होते. एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या चुकीने त्याच निरोगी व्यक्तीचे मूल्य सुमारे एक तृतीयांशाने वाढले किंवा घटले, आणि विशेष म्हणजे व्यास कमी मोजला की एफएमडी वाढली, जास्त मोजला की घटली. अशा यादृच्छिक चुका मोठ्या गटात पसरल्या की व्यास आणि एफएमडी यांच्यात व्यस्त संबंध आपोआप दिसू लागतो, मग शरीरात तसा संबंध असो वा नसो. म्हणून आपल्या आलेखात उतरती रेषा दिसली की लगेच ‘रुंद धमन्यांचे कार्य मंद असते’ असा निष्कर्ष लिहिणे चूक आहे. त्या रेषेत चालनेतील फरक, भिंतीच्या रचनेतील फरक आणि मोजमापाची चूक असे तिन्ही घटक मिसळलेले असतात. यांपैकी चुकीचा वाटा कमी करण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे मूळ व्यासाची नोंद दोन-तीनदा घेऊन सरासरी काढणे.

व्यासाचा प्रभाव कसा वेगळा काढावा

ग्रेग ॲटकिन्सन आणि ॲलन बॅटरहॅम यांनी २०१३ च्या सुमारास या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वेधले आणि ॲलोमेट्रिक पद्धत सुचवली. तिचे मूळ तत्त्व सोपे आहे. टक्केवारी वापरताना आपण गृहीत धरतो की कमाल व्यास मूळ व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतो. हे गृहीतक आपल्या माहितीत खरे ठरते का, ते आधी तपासायचे.

त्यासाठी प्रत्येक व्यक्तीच्या मूळ व्यासाचा आणि कमाल व्यासाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढावा. कमाल व्यासाचा लॉग उभ्या अक्षावर आणि मूळ व्यासाचा आडव्या अक्षावर ठेवून सरळ रेषेचे रिग्रेशन करावे आणि रेषेचा उतार त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादांसह पाहावा. उतार १ असेल तर टक्केवारी व्यासाच्या प्रभावातून मुक्त आहे आणि पुढे काही करण्याची गरज नाही. वरची विश्वासमर्यादादेखील १ पेक्षा कमी असेल तर टक्केवारी बारीक धमन्यांना झुकते माप देत आहे, असे समजावे. उतार ०.९५ किंवा ०.९२ म्हणजे १ च्या जवळच आहे असे वाटू शकते, परंतु मोजायचा परिणामच मूळ व्यासाच्या पाच-दहा टक्के असल्याने एवढा फरकही निष्कर्ष फिरवण्यास पुरेसा ठरतो.

दोन गटांची तुलना करायची असल्यास पुढची पायरी अशी. प्रत्येक व्यक्तीसाठी कमाल व्यासाच्या लॉगमधून मूळ व्यासाचा लॉग वजा करावा. ही वजाबाकी हे आपले फलित, गट हा घटक आणि मूळ व्यासाचा लॉग हा सहचल (ज्याचा प्रभाव वजा करायचा ती राशी), अशी मांडणी करून सहप्रचरण विश्लेषण करावे, जे बहुतेक सांख्यिकी प्रणालींत ॲन्कोव्हा या नावाने उपलब्ध असते. त्यातून मिळालेली समायोजित सरासरी घातांकात परत नेऊन त्यातून १ वजा करावा आणि १०० ने गुणावे, म्हणजे ती पुन्हा नेहमीच्या टक्केवारीत वाचता येते. गटांतील उतार एकमेकांपासून फार वेगळे नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. शिअरची नोंद असल्यास तीही सहचल म्हणून घेता येते. एफएमडीला शिअरने भागून नवा भागाकार तयार करण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्या दोहोंचा संबंध शून्यातून जाणारी सरळ रेषा असेलच असे नाही, आणि एका सदोष भागाकारावर दुसरा भागाकार चढवल्याने दोष जात नाही.

एकेका व्यक्तीचे मूल्य हवे असेल तर कमाल व्यासाला मूळ व्यासाच्या त्या उताराइतक्या घाताने भागावे. वरील दोन काल्पनिक व्यक्ती ज्या गटातील आहेत त्या गटाचा उतार ०.९२ निघाला असे धरू. पहिलीसाठी ३.५२ ला ३.२० च्या ०.९२ व्या घाताने, म्हणजे २.९२ ने भागल्यास १.२१ येतात. दुसऱ्यासाठी ४.७२ ला ३.९१ ने भागल्यासही १.२१ येतात. टक्केवारीत दिसणारा पावणेतीन अंकांचा फरक येथे नाहीसा झाला. आकडे मुद्दाम असे निवडले आहेत हे खरे, परंतु प्रत्यक्ष माहितीतही फरकाचा बराचसा भाग असा विरघळताना दिसतो. हा उतार प्रत्येक गटात वेगळा येतो, त्यामुळे दुसऱ्या अभ्यासातील उतार उचलून आपल्या माहितीला लावू नये, आणि वीस-पंचवीस व्यक्तींच्या गटातून काढलेल्या उतारावर फार विसंबू नये.

निरोगी प्रौढांत हे कोठे कोठे आडवे येते

स्त्री-पुरुष तुलनेत हा प्रश्न सर्वांत आधी येतो. स्त्रियांच्या ब्रेकियल धमन्या सरासरीने पुरुषांपेक्षा बारीक असतात आणि त्यांची एफएमडी टक्केवारी जास्त येते. मूळ व्यास विचारात घेतल्यावर हा फरक बराच कमी होतो. तरुण वयात इस्ट्रोजेनमुळे एंडोथेलियमला मिळणारे संरक्षण खोटे नाही. पण कच्च्या टक्केवारीतील संपूर्ण फरक संप्रेरकांच्या नावावर लिहिणे चुकीचे आहे.

वयाची तुलनाही अशीच सावधपणे करावी लागते. सेलरमायर यांच्याच गटाने १९९४ साली दाखवले की निरोगी पुरुषांत प्रसरण साधारण चाळिशीनंतर उतरू लागते आणि स्त्रियांत पन्नाशीच्या सुरुवातीनंतर. वयानुसार मोठ्या धमन्यांचा व्यासही वाढत जातो. म्हणजे उतरणाऱ्या टक्केवारीत एंडोथेलियमची खरी झीज किती आणि रुंदावलेल्या धमनीचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय वयाचा परिणाम सांगता येत नाही.

सर्वांत उद्बोधक उदाहरण नियमित व्यायाम करणाऱ्यांचे आहे. दीर्घकाळ वाढलेला प्रवाह धमनीला कायमची रुंद करतो आणि घटलेला प्रवाह तिला अरुंद करतो. प्रवाह घटल्याने अरुंद होण्याचा हा बदल एंडोथेलियमवरच अवलंबून असतो, हे लँगिल आणि ओ’डॉनेल यांनी १९८६ साली सशांच्या मानेतील धमन्यांवर दाखवले. स्क्वॉशच्या उच्च दर्जाच्या खेळाडूंत रॅकेट धरणाऱ्या हाताची धमनी दुसऱ्या हातापेक्षा रुंद आढळते. व्यायाम नव्याने सुरू केलेल्या निरोगी तरुणांत पहिल्या काही आठवड्यांत एफएमडी वाढते आणि पुढे व्यायाम चालू असतानाच ती पुन्हा मूळ पातळीकडे येते, कारण तोवर धमनी स्वतःच रुंदावून वाढलेल्या शिअरला सामावून घेते. आठव्या आठवड्याला मोजून ‘व्यायामाचा काही उपयोग झाला नाही’ असे लिहिणारा संशोधक खरे तर यशस्वी झालेल्या बदलाकडे पाहत असतो. उलट टोकाला, मज्जारज्जूच्या इजेमुळे पायांची हालचाल थांबलेल्या व्यक्तींच्या पायांतील धमन्या बारीक होतात आणि त्यांची एफएमडी टक्केवारी मात्र शाबूत, कधी वाढलेलीही आढळते. तिला उत्तम आरोग्याचे लक्षण कोणी म्हणणार नाही.

येथेच समायोजनाची मर्यादाही लक्षात येते. ज्या कारणाचा परिणाम आपण तपासत आहोत त्याच कारणाने व्यास बदललेला असेल, तर व्यासासाठी समायोजन केल्यावर खऱ्या परिणामाचा एक भागही पुसला जातो. म्हणून प्रशिक्षणाच्या अभ्यासात मूळ व्यास हेही स्वतंत्र फलित मानून मांडावे आणि एफएमडी समायोजनासह व समायोजनाविना, दोन्ही प्रकारे द्यावी. एकाच व्यक्तीची आधी-नंतर तुलना असेल आणि मूळ व्यास बदललेला नसेल, तर साधी टक्केवारीही पुरते.

शरीराच्या वेगवेगळ्या भागांतील धमन्यांची आपसात तुलना करू नये. मांडीतील रुंद धमनीची टक्केवारी दंडातील धमनीपेक्षा कमी येणे अपेक्षितच आहे. आपल्याकडे भारतीयांच्या रक्तवाहिन्या जन्मतः बारीक असतात असे सर्रास बोलले जाते; त्यातही धमनीचा व्यास शरीराच्या आकारमानाशी ताडून पाहिला की फरक बराच घटतो, त्यामुळे उंची, वजन आणि शरीराचे पृष्ठफळ यांची नोंद प्रत्येक अभ्यासात असावी.

नायट्रोग्लिसरीनची जोडचाचणी

प्रसरण कमी आले तर दोष एंडोथेलियमचा की भिंतीतील स्नायूंचा, हे ठरवण्यासाठी जिभेखाली ०.४ मिलिग्रॅम नायट्रोग्लिसरीन देऊन पुन्हा व्यास मोजतात. हे औषध एंडोथेलियमला वगळून थेट स्नायूंना सैल करते. ही पायरी डॉक्टरांच्या उपस्थितीतच करावी. रक्तदाब आधीच कमी असणाऱ्यांना, अर्धशिशीचा तीव्र त्रास असणाऱ्यांना आणि सिल्डेनाफिलसारखी औषधे घेतलेल्यांना हे औषध देऊ नये. या प्रतिसादाची टक्केवारीही बारीक धमन्यांत जास्त येते, म्हणून तिच्यासाठीही उतार तपासण्याची तीच कृती करावी. तेथे शिअरचा प्रश्न नसतो, त्यामुळे दोन्ही प्रतिसादांचे उतार शेजारी ठेवून पाहिल्यास व्यासाच्या प्रभावातील कोणता भाग चालनेचा आणि कोणता भिंतीच्या रचनेचा, याचा थोडाफार अंदाज येतो.

अहवालात काय लिहावे

प्रबंध असो वा शोधनिबंध, त्यात मूळ व्यास, कमाल व्यास आणि त्यांतील फरक मिलिमीटरमध्ये, एफएमडी टक्केवारी, कमाल प्रसरणाला लागलेला वेळ, कफ सोडल्यापासून कमाल प्रसरणापर्यंतचे एकूण शिअर, लॉग-रिग्रेशनचा उतार व त्याच्या विश्वासमर्यादा आणि त्याच प्रयोगशाळेतील पुनर्मापनाची चूक, हे सर्व यावे. कफ कोठे बांधला आणि किती दाबाने फुगवला, हेही लिहावे, कारण त्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते मोजमाप पडताळता येत नाही.

संशोधनात भाग घेतलेल्या एखाद्या निरोगी व्यक्तीच्या हाती असा कागद आला आणि त्यावर केवळ ‘एफएमडी ५ टक्के’ असे असेल, तर तिने संशोधकांकडे मूळ व्यासाचा आकडा मागावा. रुंद धमनीच्या, उंच बांध्याच्या किंवा वर्षानुवर्षे पोहणाऱ्या पुरुषासाठी ५ टक्के हे पूर्णपणे समाधानकारक असू शकते. बारीक धमनीच्या तरुण स्त्रीसाठी तेच मूल्य पुन्हा एकदा, नीट तयारी करून, मोजून पाहण्याजोगे आहे. या एका आकड्यावरून औषध सुरू करू नये आणि चालू असलेले थांबवूही नये. रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांविषयी डॉक्टरांशी जे बोलायचे ते एफएमडी कितीही आली तरी बोलावेच लागते.